आखाजीची घागर आणि अकरा मिनिटं

आठला पंधरा मिनिटं कमी असताना गिरणेकाठचं ते अख्खं गाव मारुतीच्या ओट्यासमोर माना वर करून बसलं होतं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. पितरांच्या नावानं घरोघरी भरायच्या मातीच्या घागरी या वर्षी इथंच रांगेनं मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर डांगर, म्हणजे खरबूज, नि सांजोऱ्या ठेवल्या होत्या. पितर आज आभाळातून उतरणार होते, आणि तेही छापील वेळेवर.

वेळ छापणारे प्रेमराज महाराज ओट्यावर विराजमान होते. दाढी नवी, भगवी शाल त्याहून नवी; आत्मविश्वास तेवढा अनादि.

"पितर आता तेजोरूपानं येतात, बाबांनो! मंगळवारी सात एकोणचाळीसला आले की नाही? शुक्रवारी सात बावन्नला आले की नाही? घड्याळ चुकेल, पितर चुकणार नाहीत!"

आले होते, हे खरंच. दोन्ही संध्याकाळी एक ठळक, न लुकलुकणारा तारा आभाळ ओलांडत गेला होता आणि मध्येच विझला होता. तो विझताना महाराजांनी मूठ मिटली होती, "घेतला पदरात!" म्हणून. तिसरी वेळ पत्रकात मोठ्या अक्षरात होती: आखाजी, आठ वाजून चार मिनिटं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दीपमालाबाई गर्दीच्या कडेला शाळेचा फळा टेकवून उभ्या होत्या. त्यांचं लक्ष आभाळाकडे नव्हतं. ते द्रौपदाबाईंच्या घागरीकडे होतं. त्या घागरीपुढे एक वरवंटा होता आणि शेजारी बोटभर काचेची बाटली. नऊ वर्षांच्या मोहिनीचं इन्सुलिन. मोहिनी आजीच्या मांडीवर होती; तिची संध्याकाळची सुई अजून व्हायची होती. तिचा बाप, द्रौपदाबाईंचा मुलगा आधार, दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. महाराजांचा आदेश स्पष्ट होता: ताऱ्यातून आधार येतोय, पोरीला तोच बरं करील, पण सुई पितरांना वर्ज्य, तेव्हा तारा दिसताच बाटली फोडायची. मोहिनीची आई ज्योती पदर तोंडात धरून मागे बसली होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"अक्का, सुई बंद झाली तर पोर चार दिवस काढणार नाही," बाई पुन्हा म्हणाल्या.

"बाई, तुमना पोऱ्या गया ऱ्हाता ना, मंग तुमले समजतं," द्रौपदाबाई वर न बघता म्हणाल्या.

बाईंनी फळ्यावर खडूनं लिहिलं: आठ वाजून पंधरा मिनिटं. नैर्ऋत्येकडून येईल. स्वातीच्या अलीकडे विझेल.

"बाई, तुमना तारा एसटी शे का?" गर्दीतून चिंधा ओरडला. "अकरा मिनिटं लेट!"

गर्दी हसली. महाराजही उदारपणे हसले.

आठ वाजून चार मिनिटं झाली. आभाळात काहीच हललं नाही. पाच झाली, सात झाली. महाराजांचा एक हात शालीखाली गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला.

"महाराज, मना आधार कथा शे?" द्रौपदाबाईंनी आभाळात शोधत विचारलं.

महाराजांची नजर गर्दीवरून फिरली आणि फळ्यापाशी थांबली. "विटाळ झालाय इथं. पितरांना न मानणारे लोक येऊन उभे राहिलेत. कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक सगळ्यांनाच होतं. दीपमालाबाईंच्या आजोबांनी हेच वाक्य गावच्या विहिरीपाशी ऐकलं होतं. त्यात फक्त पितरांचं नाव नव्हतं. त्या जागच्या हलल्या नाहीत. संतापानं त्यांचा आवाज उलट खाली उतरला. "माझा विटाळ अकरा मिनिटंच टिकतो, महाराज. सव्वाआठला येईल तो. थांबा."

सव्वाआठला नैर्ऋत्येकडून तो वर आला.

"उना! उना!" गाव उठून उभं राहिलं. महाराजांनीही दोन्ही हात उंचावले. "क्षमा झाली! पितर आले!"

द्रौपदाबाईंनी वरवंटा उचलला. बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"अक्का, एकच मिनिट. पुना आबा, फळ्यावरची शेवटची ओळ मोठ्यानं वाचा."

"स्वातीच्या अलीकडे विझेल," फळ्याजवळ उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पुना आबांनी वाचलं.

बाईंनी पूर्वेकडचा स्वातीचा तांबूस तारा बॅटरीनं दाखवला. शेकडो डोळे तिकडे वळले. सरकता ठिपका स्वातीकडे निघाला, फिका पडला आणि तिथं पोचण्याआधी विझला. त्यानंतर महाराजांची मूठ मिटली.

"महाराज," चिंधा म्हणाला, "मूठ बी लेट!"

त्यानं ओट्यावर चढून शाल ओढली. शालीखाली मोबाइल उजळलेला होता, आणि पडद्यावर पृथ्वीभोवतीची एक वाकडी रेघ.

"हा संदेशवहनाचा उपग्रह आहे," बाई म्हणाल्या. "मागच्या महिन्यात सोडलेला. त्याच्या पसरट अँटेनावर ऊन पडतं म्हणून तो चमकतो, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की विझतो. कोणत्या गावावरून किती वाजता जाईल, हे मोबाइलवर कोणालाही कळतं. चाळीसगावात पाच वर्षं डिश बसवणाऱ्या प्रेमराजला तर नक्कीच. पण परवा त्याची कक्षा उंचावली. फेरी लांबली, दर फेरीला उशीर साचत गेला आणि तो आज अकरा मिनिटं झाला. मी रोज माग काढत होते. यानं जुन्या वेळांची पत्रकं छापून ठेवली होती."

प्रेमराज चपला शोधू लागला. बाई त्याच्याकडे पाहतही नव्हत्या.

"माणसानं बनवलेलं यंत्र आपल्या डोक्यावरून जातं, आणि त्याच्या उजेडात आपण एका पोरीचं औषध फोडायला बसतो! भविष्य खरं ठरलं, एवढ्यावर कुणाच्या पायाशी बसू नका. त्याला ते कसं कळलं, हे विचारा. जो सांगत नाही, त्याला उठवा. जो सांगतो, त्याचंही तपासा. माझंसुद्धा."

द्रौपदाबाई तारा विझला त्या जागेकडे बघत होत्या. "म्हंजे मना आधार उनाच नही?"

"नाही, अक्का." याहून सौम्य उत्तर बाईंजवळ नव्हतं.

म्हातारीनं वरवंटा खाली ठेवला आणि बाटली ज्योतीच्या हातात दिली. "दे सुई पोरले." मग घागरीवरचं डांगर उतरवलं. घरात फ्रीज नव्हता.

"बाई, घागर नवी शे. बाटली डबीमा घाली ठेवी, त गार ऱ्हाई का?"

"राहील, अक्का."

द्रौपदाबाईंनी आधारच्या नावाची घागर उचलून कडेवर घेतली.