आवाज फाटतो तिथवर

बाबांच्या दुकानासमोर उभ्या व्हॅनमधल्या स्पीकरचा पडदा तिने अंगठ्याने दाबला. आतली कॉइल खरखरली आणि करपट वास आला.

"हाही गेला," ती म्हणाली.

व्हॅनवाल्या मावशींनी कपाळाला हात लावला. सहलीला लोक त्यांचीच गाडी मागायचे ते गाण्यांसाठी. दुपारी भाडं ठरलेलं आणि गाडी मुकी.

"स्पीकर पुन्हा जळले ना, तर रेडिओ मांडीवर घेऊन गाडी चालवीन, पण तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही."

बाबा ओशाळले. गाडीत आवाज बसवण्यात त्यांचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता. लेक मात्र खुशीत होती. रोगाचं मूळ तिला सापडलं होतं.

"बाबा, स्पीकर ऐंशी वॅटचे आणि अँप्लिफायर चाळीसचा. तो बिचारा जीव तोडून ओरडतो, मग आवाज फाटतो, आणि फाटका आवाजच कॉइल जाळतो. शंभरचा लावू. निवांत गाईल."

"चाळीसवाल्याने जाळले, शंभरवाला काय दिवे लावणार?"

"लावून तर बघा!"

"पोरीचं ऐका हो," मावशी म्हणाल्या.

मग तिच्या हातांना दम निघेना. वायरी ओढल्या, नवे स्पीकर दारांत बसले, अँप्लिफायर सीटखाली सरकला. गाणं लागलं तशा काचा थरथरल्या. तिच्या अंगावर काटा आला. दारात मावशी नाचायच्याच बाकी होत्या.

बाबा सीटपाशी उकिडवे बसून स्क्रूड्रायव्हरने अँप्लिफायरचा गेन, म्हणजे आवाजाचा जोर ठरवणारा स्क्रू, फिरवू लागले. रीत ठरलेली होती: आवाज फाटेपर्यंत वाढवायचा, मग जरा मागे घ्यायचा.

आवाज फाटला. सीटवर बसलेल्या तिने दात आवळले. बाबांच्या कानांना ते कळलंच नव्हतं; ते मान डोलवत वाढवतच होते.

"भरपूर जागा आहे अजून. फाटू दे, मग मागे घेऊ."

तिने तोंड उघडलं. दारातल्या मावशींकडे पाहिलं आणि मिटलं.

बाबांनी वर पाहिलं. तिच्या आवळलेल्या जबड्याकडे ते क्षणभर बघत राहिले. मग नजर तिथून न हलवता स्क्रू मागे आणू लागले. केसाएवढा. पुन्हा केसाएवढा. तिच्या कपाळावरची आठी सुटली, तिथे थांबले.

गाणं व्हॅनभर काठोकाठ भरलं.

"अगंबाई!" मावशी ओरडल्या. "इतकी वर्षं हे गाणं ऐकतेय, मागे बासरी आहे हे आज कळलं!"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली.

"आहेच मुळी बासरी," ते म्हणाले.

"जादू केलीत हो!"

"मी कुठे?" बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि स्क्रूड्रायव्हर लेकीच्या हातात दिला. "आमच्याकडे सेटिंग हीच करते. पहिल्यापासून."

मावशींनी बाबांकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"तरीच! यापुढेही हिच्याकडूनच करून घेईन," त्या म्हणाल्या, आणि गाडी सुरू केली.