सोयरातली पाखरं

कोशाच्या टोकाला ओल आली होती. तुरीच्या डाळीएवढा डाग – बोट लावलं तर जाणवेल न जाणवेल इतकाच – आणि गोकुळाने बोट लावलंच, आणि ते लुगड्याला पुसायचं विसरून तशीच उभी राहिली. आतलं पाखरू जागं झालं होतं. स्वतःच विणलेल्या भिंतीला आतून ओल देऊन ते ती मऊ करत होतं. म्हणजे दिवस मावळायला ते बाहेर येणार, आणि एक आलं की मागोमाग शंभर येणार… आजच.

आजच यायची होती ती, तिच्या मोजणीप्रमाणे. चूक पाखरांची नव्हती.

आडव्या बांबूंना माळा करून टांगलेले टसर रेशमाचे सहाशे कोसे, दाराला ओलं पोतं, खिडकीला शेणाने लिंपलेला तट्ट्या – घरातली ही सगळ्यात गार खोली अकरा वर्षांपूर्वी तिने कोशांना दिली, तेव्हा सासू गिरजाबाई कुरकुरली होती की माणसांनी अंगणात भाजायचं आणि किड्यांनी सावलीत झोपायचं. पुढे तीच शेजारणींना इकडे धूर करू नका म्हणून रागवायला लागली. पाखरांना धूर सोसत नाही. ती निघायच्या आठवड्यात चूल अंगणात जायची, फोडणी बंद व्हायची, आणि गोकुळाचा नवरा डोमा तळ्यातून काढलेली मासळी दुसऱ्याच्या घरी देऊन बिनफोडणीचं वरण मुकाट्याने भातात कालवायचा.

लेकीचं बाळंतपणही तिने असंच बोटांवर मोजून बसवलं होतं. आधी पाखरं, मग अंडी, ती किडे पाळणाऱ्यांच्या घरी गेली की मग मनकर्णाच्या कळा… मधे चांगले पंधरा दिवस. ती गोकुळा मीच; चौऱ्याऐंशी साली मी छत्तीस वर्षांची होते, आणि मला वाटायचं, नीट मोजलं की सगळं एका घरात मावतं.

मूल वीस दिवस आधी आलं. मुलगी. आज चौथा दिवस. आणि आज संध्याकाळी वारलू येणार होता.

नदीपलीकडच्या पाच गावांत ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळणारी माणसं होती, आणि त्यांच्यात वारलू सगळ्यांत जुना. दरवर्षी तो स्वतः यायचा, पाखरं निघताना डोळ्यांनी बघायचा, आणि उठताना तेवढं एकच म्हणायचा – बाई, नेतो. त्याने अंडी नेली की पाचही गावं नेत. किडे झाडावर असेपर्यंत ही माणसं जंगलात खोपडी करून राहत, मासळी तोंडाला लावत नसत, आपला भात आपण शिजवत. आणि बाळंतपण झालेल्या घरचं पाणीही, सोयर म्हणून, दहा दिवस पीत नसत. सोयरातल्या घरची अंडी… असं कुणी कधी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. सोयर फिटल्यावर द्यावीत तरी ती सोयरातच घातलेली, आणि नवव्या दिवशी अळी बाहेर येते आणि पान मागते.

आणि गोकुळाचा स्वतःचाही त्या नेमावर विश्वास होता. हेच तर अवघड होतं. उद्या त्या झाडांवरचे किडे काळे पडून गळाले, तर त्याचं कारण जगात फक्त तिच्यापाशी असणार होतं.

गिरजाबाईने सकाळीच ठरवून टाकलं की वारलूला सांगायचं नाही. शेजारणींची तोंडं तिने बंद केली. पाखरांसाठी बाळाची ओव्याची धुरी आधीच थांबवलेली, त्यामुळे घराला बाळंतिणीचा वासही नव्हता. राहिलं ते रडणं… तर तो येईल तेव्हा पोरीला पदराखाली घेऊन बस, तोंड मोकळं सोडू नको, असं तिने नातीला बजावलं.

दुपारी गोकुळा पेज घेऊन गेली. खोली एकच भिंत पलीकडे, मातीची. मनकर्णा भिंतीला टेकून बसली होती – एकोणीस वर्षांची, डोळ्यांखाली काळं – आणि पेज पिता पिता तिने हळूच विचारलं, "माय, तुले भेव लागते?"

गोकुळाने वाटी पुन्हा तिच्या ओठांना लावली. त्या वाटीकडे बघता बघता तिला आठवलं की पहिल्या वर्षी आपण पाखरांपुढे गुळाचं पाणी ठेवलं होतं. रात्रभर कुणी शिवलं नाही म्हणून सकाळी हातात घेऊन पाहिलं… तर त्यांना तोंडच नव्हतं. बाहेर यायचं, दीडशे-दोनशे अंडी घालायची, आणि आठवड्यात पंख मिटून पडायचं – एक घास नाही, एक थेंब नाही. त्या दिवशी तिला स्वतःला भाकर गिळली नव्हती. मग कामाच्या धबडग्यात ते नवल कुठेतरी बाजूला पडलं.

वारलू ऊन उतरल्यावर आला. अंगणात पाय धुतले, गोकुळाने पुढे केलेलं पाणी प्यायला. प्यायला तो… पाणी.

"अवो म्हातारे, हायेस का अजून?" त्याने गिरजाबाईला विचारलं.

"तुले पोचवल्याबिगर कशी जाईन?"

हसत तो आत येऊन माळांखाली उकिडवा बसला. गोकुळा शेजारी. पोत्याच्या फटीतून येणारा उजेड तांबडा होत गेला. मग आवाज सुरू झाला, वाळलेल्या पानावर कुणी नख फिरवावं तसा, आधी एकीकडे, मग दहा ठिकाणी, मग सगळ्या खोलीभर… ओल्या टोकातून डोकं, मग केसाळ पाय, मग पिळून ठेवलेल्या फडक्यासारखे चुरगळलेले पंख. समोरच्या कोशावरचं एक निसटलं. वारलूने सवयीने बोट पुढे केलं, आणि ते त्याच्या बोटाला लटकलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे बाळ रडलं.

बारीक, चिरका, चार दिवसांचा आवाज. वारलूची मान वळली. गिरजाबाई दारातून लगेच म्हणाली, "शेजारच्या कुंताचं लेकरू हाये. निजवलं होतं इथी."

झालं होतं, सगळं सावरलं होतं. गोकुळाने नुसतं गप्प बसायचं होतं. ती त्या बोटाकडे पाहत होती… तिथे पंख भरत होते, एकेक शीर फुगत होती, घडी उलगडत होती, आणि पंखाच्या मधोमध काचेसारखा गोल उघडला, इतका पातळ की त्यातून वारलूच्या अंगठ्याचं नख दिसत होतं. सहाशे वेळा, अकरा वर्षं, तिच्या घरात हे होत होतं. आणि भिंतीपलीकडे लेकीने पोरीच्या तोंडावर पदर दाबला असेल, आपल्यासाठी…

"नाई," तिच्या तोंडून निघालं. "माह्या मनकर्णीचं हाये, वारलूभाऊ. चार दिवस झाले."

गिरजाबाईने हातातलं भांडं खाली ठेवलं. आतलं रडणं मोठं झालं, कुणीतरी पदर काढून घेतल्यासारखं.

वारलू उठला नाही. उठता येत नव्हतं त्याला – पंख ओले असताना हात हलला तर पाखरू जन्माचं वाकडं होतं, हे त्यानेच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. हात तसाच अधांतरी धरून तो बसला होता, डोळे बोटावर, आणि चेहऱ्यावर राग होता की दुसरं काही, ते त्या उजेडात कळत नव्हतं. पंख वाळल्यावर तो काय म्हणणार होता? नेतो म्हणेल, की अंगणात जाऊन ओकून टाकेल माझं पाणी…

मी भीती चाचपून पाहिली, पडलेल्या दाताची जागा जिभेने चाचपावी तशी. जागा होती, भीती नव्हती. बाळ रडत होतं, माळा सळसळत होत्या, यातलं कुठलं कोणत्या खोलीतलं ते मला वेगळं करता येईना. आणि चार दिवस जिथे भीती बसली होती तिथे एवढं मोठं नवल येऊन बसलं होतं की श्वास मला हळू, अगदी जपून घ्यावा लागत होता.