मागच्या उतारावरची हरळी

जुळे सोलापुरात चिंतामणरावांचं घर अगदी ओढ्याच्या काठावर. निवृत्त हेडक्लार्क, टेबलावरची टाचणी इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नसे. तीच शिस्त त्यांनी परसात आणली. घरामागून ओढ्याकडे जाणाऱ्या उतारावरचा करंज पालापाचोळा करतो म्हणून उन्हाळ्यात मुळासकट तोडला. गणपतीला पाहुणे येणार, गवतात साप निघायला नको, म्हणून हरळीवर तणनाशक मारलं. हरळी म्हणजे दूर्वाच की! घरच्या दूर्वा जाळून या गृहस्थांनी देवासाठी मंडईतून जुडी आणली. हसू नका, आपल्यापैकी कितीजणांच्या अंगणात आज फरशीखेरीज काही उरलंय?

धुणंभांडी करणारी चंद्रव्वा तेव्हाच म्हणाली होती, "साहेब, मातीला धरून हाय ती. ऱ्हाऊ द्या की."

"तू भांड्यांचं बघ," ते म्हणाले होते.

गणपतीच्या चौथ्या दिवशी दुपारी वादळी पाऊस सुरू झाला. उघडा उतार ढेकळाढेकळानं ओढ्यात जाऊ लागला. आधी कंपाउंडची भिंत गेली. मग मागच्या खोलीच्या फरशीला बोटभर भेग पडली, आणि त्याच खोलीत गणपती बसलेला. चिंतामणराव पोती, पत्रे, हाताला लागेल ते उतारावर टाकत होते आणि टाकलेलं सगळं वाहून जात होतं. आयुष्यभर राबून बांधलेलं घर डोळ्यांदेखत चाललं होतं.

"अहो, देव तरी उचला," त्यांच्या पत्नी दुर्गाबाई रडत म्हणाल्या.

"बसलेला गणपती हलवायचा?" ते दारातच घुटमळले.

चंद्रव्वानं विचारलंच नाही. तिनं मूर्ती उचलून पदराखाली घेतली आणि दोघांना पुढच्या खोलीत ढकललं. मागोमाग खोलीचा कोपरा खाली बसला.

पाऊस ओसरल्यावर चिंतामणराव चिखलातच बसले. "संपलं. आता उरलेलं घरही जाणार."

"तितं बगा," चंद्रव्वानं शेजारचा रिकामा प्लॉट दाखवला. तिथं करंज होता, खाली हरळी माजलेली. काठ जागच्या जागी होता. "पाऊस सगळीकडं सारकाच पडला न्हवं? वरची माती हरळीनं धरली, खालची झाडाच्या मुळांनी. तितं कुणी साफसफाई केली न्हाय."

"माझ्याच हातानं केलं मी हे," ते पुटपुटले. त्यांना हुंदका आवरेना.

"रडून काय व्हतंय? पावसाळा अजून संपला न्हाय. उटा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उतारावर ओली गोणपाटं अंथरली, खाली दगड रचले, शेजारच्या हरळीच्या कांड्या आणि वाळ्याचे गड्डे आणून लावले. अनंत चतुर्दशीला शाडूची मूर्ती बादलीत विरघळली. ती माती चिंतामणरावांनी उतारावर पसरली आणि तिच्यात करंजाचं रोप लावलं.

मागची खोली मात्र गेली ती गेलीच. वाचकहो, झाड एका दुपारी तोडून होतं. माती धरायला मुळांना वर्षं लागतात. तेव्हा काठ स्वच्छ करण्याआधी खाली कोण काय धरून बसलंय, ते जरा वाकून बघा.

पुढच्या गणपतीला दुर्गाबाई उतारावर दूर्वा खुडायला बसल्या. चिंतामणराव मागे उभे होते.

"वरवरच खुड," ते म्हणाले. "मुळाला हात लावू नकोस."