ढोलकी पाटावर बसली

इंदूला गाता येतं हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. कसं नसणार, तिनं स्वतःच घरोघरी सांगितलं होतं! जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी मंडळाची पोरं गायची आणि पोरी पुढे दिवे धरून चालायच्या. यंदा नववीतल्या इंदूनं गाणं रचलं, चाल लावली आणि जयंतीच्या आदल्या सकाळी थेट मोतीराम काकाजींचं दुकान गाठलं. मिरवणुकीत भोंगा त्यांचा असायचा.

"कॅसेट आण," काकाजी म्हणाले. "मी गल्लीच्या टोकावर उभा राहून ऐकीन. शब्द समजले तर उद्या वाजवीन. नाही समजले तर तू आपला दिवा धर."

घरात एक टेपरेकॉर्डर होता, दुसरा तिनं मैत्रिणीच्या, अलकाच्या घरून मागून आणला. एकावर आधी आपला आवाज भरायचा. मग तो वाजवायचा, त्याच्या सोबत ढोलकी धरायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर भरून घ्यायचं. त्यावर पुन्हा तसेच टाळ. टेपला जवळचं मोठं ऐकू येतं अन् लांबचं बारीक, म्हणून कोण कुठे बसेल हेच खरं काम. तिनं खडूनं जमिनीवर खुणा केल्या. टेप गव्हाच्या कोठीवर, टाळ दारात, ढोलकी पार अंगणात, निंबाखाली. कोंबडा टोपलीखाली झाकला.

आणि मग धीर कुठला! ढोलकीवाला यायच्या आधीच तिनं आपला आवाज भरून टाकला.

दुपारी ठरल्याप्रमाणे तिगाववरून मामाचा प्रकाश ढोलकी घेऊन आला. इंदूनं त्याला निंबाखालची खूण दाखवली, तशी तिची आई, कमल, चुलीपासून उठून आली.

"काय वं पोट्टे! मामाचा पोरगा घरी आला अन् तू त्याले अंगणात बसवून राहिली? लोक काय म्हणतीन?"

"आई, तिथूनच ढोलकी बरोबर येते. गाण्यासाठी आहे ते."

"गाणं मागाहून. ये रे बाबा प्रकाश, अंदर बस."

आईनं पाट मांडला तो नेमका कोठीच्या बुडाशी, टेपच्या नाकासमोर. प्रकाश ऐसपैस बसला. "आता पाटावर बसवलं आत्यानं, तर हात राखून कसा वाजवू?" म्हणाला, आणि असा वाजवला की कोठीवरचं झाकण थरथरलं. मग चहा पिऊन, ढोलकी खांद्याला लावून तो चारच्या गाडीनं परत गेला. उद्या त्याच्या गावातही जयंती होती.

इंदूनं दारात बसून टाळ भरले आणि कॅसेट घेऊन पळाली.

मोतीराम काकाजी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, कान लावून उभे राहिले, परत आले.

"ढोलकी एकदम झकास. पण मागून कोण ओरडून राहिली? विहिरीत पडल्यावानी?"

"मीच हो ते, काकाजी."

"मग दिवाच धर, बाई."

"उद्या मिरवणूक निघेपर्यंत थांबा न! दुसरी आणते."

"दुसरी ढोलकी कुठून आणशीन?"

घरी येऊन ती थोडी रडली, मग झुणका-भाकर खाल्ली, मग पुन्हा टेप लावला. ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आलं. जे पहिलं भरलं ते तळाशी गेलं. सगळ्यात शेवटी जे भरू, ते पुढे येईल. ढोलकी पुन्हा मिळणार नाही, पण इंदू तर घरातच आहे!

सकाळी तिनं वाजवायचा टेप उचलला आणि निंबाखाली, प्रकाशसाठी काढलेल्या खुणेवर नेऊन ठेवला. आईकडे बघून विचारलं, "याले बसवू न अंगणात?"

"डब्ब्याले कायचा आला मान!" आई हसली आणि कोंबड्यावर आपणहून टोपली ठेवली.

ढोलकी लांबून येऊ लागली, जशी इंदूला हवी होती तशी. तिनं भरणारा टेप जवळ ओढला आणि तेच गाणं पुन्हा, पहिल्या ओळीपासून, ठेका न सोडता, शब्द तोडून तोडून म्हटलं.

संध्याकाळी काकाजी गल्लीच्या टोकावर गेले. या वेळी परत आलेच नाहीत. तिथूनच हात वर केला आणि भोंगा बांधणाऱ्या भिवाजीला ओरडले, "चढव रे!"

मिरवणूक निघताना ते इंदूजवळ आले.

"शब्द अन् शब्द समजला. पण मागून साथ देऊन राहिली ती दुसरी पोरगी कोण वं? चांगली गाते. पुढच्या साली तिलेही आणजो."

इंदूनं हातातला दिवा अलकाला दिला.

"आणीन न काकाजी. पण ती अंगणातच बसते."