यंत्राला मामा-मावशी

"घाबरायचं नाही गं. टीव्हीच आहे हा, फक्त याच्यावर सिनेमा लागत नाही," असे म्हणत उत्तराबाईंनी जयाला खुर्चीवर बसवले.

अंधेरीच्या त्या शाळेत पाचवीच्या मुलांमधून एक खास वर्ग निघणार होता. त्यात कुणाला घ्यायचे, हे सत्त्याऐंशी सालच्या त्या आषाढात पहिल्यांदाच संगणक ठरवणार होता. प्रोग्राम लिहिला होता अनंतने, बाईंच्याच जुन्या विद्यार्थ्याने. मागच्या वर्षांतल्या पहिल्या नंबरवाल्यांची उत्तरे त्याने यंत्राला भरवली होती. नव्या मुलाचे उत्तर त्यांच्याशी जुळले की गुण. बाई मराठी शिकवत, शनिवारी मुलांची नाटके बसवत, आणि निकालावर त्यांची सही लागणार होती.

पडद्यावर प्रश्न उमटला: पावसाळ्यात एक दिवस लख्ख ऊन पडले. समुद्र शांत आहे. होडी मासेमारीला न्यावी का?

जयाने 'नाही'चे बटण दाबले. यंत्राने फुली मारली.

जया वेसाव्याची. तिची आई सखुबाई स्टेशनजवळच्या बाजारात मासळी विकायची. बाईंनी हळूच विचारले, 'नाही' का म्हणालीस?

"दर्याला नारळ कुठं दिलाय अजून? मासळीच्या पोटात गाबोळी असते आता, अंडी. आजा वरडंल ना."

जयाच्या आधीच्या मुलाला भरपूर गुण मिळाले होते. त्यालाही बाईंनी कारण विचारले होते. परीक्षा देऊन बाहेर आलेल्या पोरांनी डावे, 'हो'चे बटण दाबत राहायला सांगितले होते, एवढेच तो म्हणाला होता.

बाई तडक सेक्रेटरींकडे गेल्या आणि या निकालावर मी सही करणार नाही, म्हणाल्या. सेक्रेटरी शरच्चंद्र माणूस म्हणून वाईट नव्हते. दर जूनमध्ये बड्या लोकांच्या फोनने ते बिचारे हैराण व्हायचे.

"माणूस आला की वशिला आला, बाई. यंत्राला मामा-मावशी नसतात."

"आहेत की. पहिल्या नंबरवाल्यांची घरं, तीच त्याची मामा-मावशी. त्यात वेसाव्याचं एक तरी घर आहे का?"

तिथेच बसलेला अनंत खाली बघत म्हणाला, की 'का' हा प्रश्न घालणे अवघड नाही, पण मुलांनी दिलेले कारण यंत्राला कळणार नाही.

"न कळू दे. मला कळत नाही, असं त्याला म्हणता आलं पाहिजे. मग माणसाला हाक मारू दे. तुम्हाला वशिला हाकलायचा होता, तुम्ही माणूसच हाकललात."

सही नसेल तर शनिवारचे नाटकही नको, असे शरच्चंद्रांनी शांतपणे सांगितले. त्यांनी पुढे केलेले पेन बाईंनी तितक्याच शांतपणे परत सरकवले.

निकाल त्यांच्या सहीशिवायच लागला. जयाचे नाव नव्हते. सखुबाई रिकामी टोपली घेऊन विचारायला आली, तेव्हा बाईंनी काही लपवले नाही. नाव लागलं नाही, पण मी गप्प बसलेली नाही, म्हणाल्या.

शनिवारी नाटकाच्या खोलीला कुलूप होते. बाईंनी मुलांना मागच्या पायऱ्यांवर बसवले. तेवढ्यात अनंत तिथून चालला होता. बाईंनी त्याला थांबवले.

"ये. आज तू जया हो. जया, तू यंत्र."

इस्त्रीच्या पँटीनिशी तो ओल्या पायरीवर बसला. जया ताठ झाली, आवाज सपाट केला.

"बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकतायत. वारा पडलाय. उचलायचे का? हो किंवा नाही."

"वारा पडलाय म्हणजे…"

"हो किंवा नाही."

"हो. कारण असं, की…"

"कारण नाय विचारलं," जया म्हणाली, आणि तिने हवेत मोठी फुली मारली.

पोरे हसली. बाई हसल्या नाहीत. अनंत तसाच बसून राहिला, सांगायचे राहिलेले कारण तोंडात धरून.