रानघंटीचं बी

सत्यवतीनं रानघंटीचं रोप आणून दिलं त्याच पावसाळ्यात अर्नाळ्याच्या बेटाचा एक किनारा उधाणात वाहून गेला. तिथली वाळू धरून उभी असलेली रानघंटीची झाडंही गेली. बेटाबाहेर हे झाड कुणी पाहिलं नव्हतं. आता होतं ते एकच, जुलियानाच्या परसात.

सत्यवती बेटावरची. होडीनं यायची आणि जुलियानाच्या दारी मासळी विकायची. "बी धरलं का अर्दं तुजं, अर्दं बेटाचं," ती म्हणाली होती.

रानघंटी एकदाच फुलते आणि मरते. केळीच्या मागं निदान पिल्लं राहतात, हिच्या मागं काहीच नाही. जे काय ते बियात. जुलियानानं किनाऱ्यावरची वाळू पाट्यांनी आणून वाफा केला, कोंबड्यांना हाकलून घसा बसवून घेतला. अशी वर्षं गेली आणि आणीबाणी उठली त्याच्या पुढल्या साली एकदाचा तुरा आला, पांढऱ्या घंटांनी लगडलेला.

"बी धरेपर्यंत हात लावायचा नाय," तिनं नवऱ्याला बजावलं. आग्नेलनं गळ्याची शपथ घेतली. लग्नाच्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

त्या वर्षी गावच्या सणाला चर्चची वेदी सजवायची पाळी त्यांच्या घरची होती. आदल्या वर्षी शेजारच्या क्लेमेंटनं निशिगंधानं वेदी भरली होती आणि त्याचं कौतुक गावभर झालं होतं. ते आग्नेलच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. आग्नेल तसा वाईट नव्हता. पण कौतुकाला हपापलेला माणूस वाईट माणसापेक्षा महाग पडतो.

सणाच्या मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेला, जुलियाना बायकांच्या बाजूला गुडघे टेकून बसली आणि तिनं मान वर केली. वेदीच्या मधोमध, पितळी फुलदाणीत, रानघंटीचा तुरा. पुरुषांच्या बाजूनं आग्नेल तिच्याकडे बघून हसत होता. या माणसानं आपल्याला फसवलं, एवढंच तिला कळत होतं. मागची बाई कानात कुजबुजली, "नशीबवान गो तू!"

घरी आल्यावर ती कडाडली. आग्नेल म्हणाला, "देवालाच दिलं ना?"

"देवानं मागितलं होतं?"

तो जेवायला बसला.

दोन दिवसांनी सत्यवती आली. टोपली उतरवायच्या आधीच तिनं विचारलं, "बी धरलं का गो?"

"बकरीनं खाल्लं," आग्नेल ओट्यावरूनच म्हणाला. त्याच्या तोंडून ते इतकं सहज निघालं की जुलियानाला तुरा कापल्यापेक्षा हे जास्त लागलं.

"बकरी नाय," ती म्हणाली. "यांनी कापलं. वेदीवर ठेवायला."

सत्यवतीनं आग्नेलकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुला कवा कळलं?"

"मिसाला. समोरच होतं. आता सुकून गेलं."

"मग उटून काढलं का नाय? मला आनून दिलं असतंस. पान्यात ठेवून, उनात धरून... दोन बिया तरी पिकल्या असत्या."

जुलियाना म्हणाली, "सगळं गाव बघत होतं."

"व्हय," सत्यवती म्हणाली. तिनं टोपली पुन्हा डोक्यावर घेतली आणि मासळी न दाखवताच फाटकाबाहेर पडली.