बिल्डिंगवरून येणारा सूर्य

माझ्या सासऱ्यांना सूर्याकडे बघू नका असं सांगणारी मी कोण? हे त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही. पण रोज सकाळी तांब्या घेऊन ते गच्चीचा जिना चढायला लागले की मला ते ऐकू यायचं, आणि तव्यावरची भाकरी करपायची. माझा स्वभावच तसा आहे. मनात आलं की ते ओठावर येतं, आणि नाही बोलता आलं तर भांडी आपटली जातात. सासऱ्यांपुढे बोलता येत नाही, त्यामुळे आमच्या घरातली निम्मी भांडी पोचे आलेली आहेत.

मामा, म्हणजे माझे सासरे आबासाहेब, जन्मभर मंद्रूपच्या शेतात राहिले. तिथे अंघोळ झाली की बांधावर उभं राहून ते सूर्याला अर्घ्य द्यायचे. तांब्या दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरायचा, पाण्याची धार सोडायची आणि त्या धारेतून नारायणाचं दर्शन घ्यायचं. तिथला सूर्य नुकता जमिनीतून वर आलेला, तांबडा, मवाळ. त्याचा कुणाला त्रास झाला नाही. सासूबाई गेल्यावर अभिमन्यूने, माझ्या नवऱ्याने, त्यांना सोलापूरला आणलं आणि सगळा घोळ तिथे झाला. आमच्या घराच्या पूर्वेला पाच मजली बिल्डिंग आहे. तिच्यावरून सूर्य दिसायला आठ वाजून जातात, आणि दिसतो तो पांढराफटक, डोळ्यांत घुसणारा. मामांच्या लेखी मात्र दिसला तेव्हा उगवला. पाण्यातून बघतोय म्हटल्यावर ऊन थंड होऊन येणार, अशी त्यांची ठाम समजूत.

वर्षभराने पेपर वाचताना शब्दांची मधली अक्षरं गायब व्हायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध भाजलाय. डावा शाबूत आहे, तो जपा, आणि सूर्याकडे बघणं आजपासून बंद. मामांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन वर.

मी मागोमाग गेले. डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "पाणी तर सोडाया पायजे की. डोळं मिटून सोडतो."

आता ते खरंच मिटतात की नाही, हे कळणार कसं? अर्घ्य देणाऱ्याच्या पुढे कुणी उभं राहत नाही. देव आणि माणूस यांच्या मध्ये जायचं नसतं, आणि सुनेने तर नाहीच नाही. मी आपली मागे दोरीवर कपडे वाळत घालायचं निमित्त करून त्यांच्या पाठीकडे बघायची. घातलेले कपडे काढून पुन्हा घालायची. मान त्यांची वर असायची. मिटल्या डोळ्यांना मान वर कशाला लागते? अभिमन्यू कंपनीच्या कामाने सदा फिरतीवर. फोनवर त्याला सांगितलं तर म्हणाला, अगं, ते कुणाचं ऐकलेत का आजवर. फोन ठेवला आणि एक पातेलं पडलं.

मामांचा नवा चष्मा आणायला सात रस्त्याच्या चौकात चष्मेवाल्या अनीशच्या दुकानात गेले, तेव्हा त्याच्या गल्ल्यामागे एक फोटो दिसला. काळ्यावर पिवळा गोळा, त्यावर चार-दोन काळे ठिपके. मी विचारलं, हे काय. सूर्य आहे मॅडम, मी काढलाय, छोट्या दुर्बिणीतून. तो चष्म्याचे स्क्रू आवळत बोलत राहिला आणि माझं अर्ध्यातच लक्ष उडालं. मामांना सूर्यच बघायचाय ना? मग मी दाखवते की. रोज, पडद्यावर, हवा तेवढा वेळ. मी आठवीला विज्ञान शिकवते, दुपारची शाळा, सकाळ मोकळी. त्या संध्याकाळी मला जेवणही सुचलं नाही.

अनीशने रविवारी त्याची जुनी दुर्बीण घरी आणून दिली आणि माझ्याकडून आधी नियम पाठ करून घेतले. चंदेरी फिल्मचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवायचा, डोळ्याच्या बाजूला नाही. बसवण्याआधी तो उजेडासमोर धरून एखादं बारीक भोक पडलंय का बघायचं. बसवल्यावर चिकटपट्टी लावायची, वारा आला तर उडता कामा नये. वरची छोटी शोधक दुर्बीण झाकून टाकायची. आणि सूर्य डोळा लावून शोधायचा नाही, सावलीवर शोधायचा. जमिनीवर पडलेली नळीची सावली लहान होत होत नुसता गोल उरला की समजायचं, सूर्य समोर आला. डोळा लावायच्या जागी छोटा कॅमेरा, त्याची वायर लॅपटॉपला.

सांगताना सोपं वाटलं. पहिल्या दिवशी लॅपटॉपवर नुसता अंधार. मग एकदम सगळा पडदा पांढरा. मग सूर्याची एक कड दिसली म्हणेपर्यंत ती सरकून गेली. फिरते पृथ्वी, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते, पण त्या दिवशी सूर्यच मला टाळतोय असं वाटलं. उन्हात लॅपटॉपवरचं काही दिसेना म्हणून डोक्यावरून चादर घेतली आणि आत बसले. घाम, लॅपटॉपचा गरम वारा, आणि दुर्बिणीला हात लावला की थरथरणारं चित्र. शेजारच्या गच्चीवरून नागम्मांनी विचारलं, सर्दी झाली का, वाफारा घेतेस का? मी हो म्हणून टाकलं.

आठवड्याने अख्खा सूर्य पडद्यात धरता आला. मामांना हाक मारली. ते चादरीत डोकं घालून बघत राहिले आणि म्हणाले, "ही तर ज्वारीची भाकरी हाय की."

फिल्ममधून सूर्य पांढराच दिसतो. मी रात्री लॅपटॉपवर फोटोला केशरी रंग दिला आणि सकाळी दाखवला. मामा हसले, आता हळद लावली व्हय, म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले, पण मला लागलं. त्यांना हा सूर्य पटल्याशिवाय ते वरच्या सूर्याला सोडणार नव्हते, आणि माझ्या सूर्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. कडा उकळत्या आधणासारख्या हलायच्या. डाग असले तरी त्या खळखळीत विरघळून जायचे.

अनीश म्हणाला, दोष दुर्बिणीचा नाही, गच्चीचा आहे. स्लॅब तापला की हवा नाचते. तापायच्या आत फोटो काढा, भोवती ओली गोणपाटं अंथरा, आणि एक फोटो काढू नका, छोटा व्हिडिओ घ्या. त्यातले जे क्षण स्थिर असतील तेवढेच कॉम्प्युटर निवडून एकावर एक ठेवतो. आणखी एक सांगितलं. काळा ठिपका दिसला तर दुर्बीण जरा हलवून बघा. सूर्याबरोबर सरकला तर तो सूर्याचा, पडद्यावर जागच्या जागी राहिला तर कॅमेऱ्यावरची धूळ.

पण बिल्डिंगवरून सूर्य वर येतो आणि स्लॅब तापतो, यांच्या मधला वेळ इवलासा. नेमका तोच मामांचा अर्घ्याचा. मी चादरीत, ते कठड्यापाशी. पडद्याकडे बघावं तर त्यांचं काय चाललंय कळेना, त्यांच्याकडे बघावं तर सूर्य पळाला. माझं डोकं सारखं आत-बाहेर. कुठल्याच कामात जीव लागेना. शाळेत फळ्यावर सूर्यमाला काढताना मी गुरू दोनदा काढला आणि पोरं हसली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी वारा पडला. थंडी होती, गोणपाटं भिजवून हात बधिर झाले होते. चादरीत डोकं घातलं. सूर्याची कड गप्प होती. मधे एक मोठा डाग, मधोमध काळाकुट्ट, भोवती राखाडी झालर, आणि त्याच्या बाजूला दोन लहान. इतके स्वच्छ की हात लावावा. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मामांचं पाणी सोडून झालंच होतं, त्यांना आत बसवलं.

ते बराच वेळ बघत राहिले. हे काळं काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सूर्यावरचे डाग आहेत, तो मोठा आपल्या पृथ्वीपेक्षा मोठा आहे. नारायणाच्या अंगावर डाग, ते पुटपुटले, पण भाकरी म्हणाले नाहीत. माझा उत्साह उतू चालला होता. मी म्हटलं, उजवा डोळा हाताने झाका आणि डाव्याने मोजा बरं.

"चार," ते म्हणाले.

मी पुन्हा बघितलं. तीनच होते. म्हटलं, धूळ असेल मामा, थांबा, मी दुर्बीण हलवते. चाक फिरवलं, सूर्य पडद्यावर एका बाजूला गेला. विचारलं, आता कोणते सरकले आणि कोणता जागेवर राहिला?

"तीन सरकलं नारायणाबरोबर," ते म्हणाले. "चौथा न्हाय सरकत. मी ज्याच्याकडं बघतो, त्येच्यावर जाऊन बसतोय."

चादरीच्या आत खूप गरम होतं. तो चौथा डाग त्यांच्या डाव्या डोळ्यातच आहे, हे मला एकदम कळलं. कधीपासून, मी विचारलं. दसऱ्यापासून, ते म्हणाले. म्हणजे उजव्याचं नीट दिसेना झाल्यावर ते धारेतून डाव्याने बघत होते. मी मागे कपडे वाळत घालत होते तेव्हाही. मी इथे चादरीत बसून डागांच्या झालरी शोधत होते तेव्हाही. मी चादर फेकून दिली आणि लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडले. खोटं बोललात तुम्ही, डोळे मिटतो म्हणालात, आंधळं व्हायचंय का तुम्हाला. नागम्मा कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. मामा खाली बघत होते.

"डोळं मिटून पाणी सोडायचं म्हंजी कुणाला सोडायचं, वैष्णवी?" ते म्हणाले. "लई प्रयत्न केला. मिटलं की काय बी न्हाय समोर. सगळा अंधार."

दुपारी शाळेला दांडी मारून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्यावरचा डाग लहान आहे, ताजा आहे, डॉक्टर म्हणाले. आज बंद केलंत तर काही महिन्यांत थोडंफार भरून येईल. नाही केलंत तर उजव्यासारखाच होईल. रात्री मला झोप लागली नाही. कूस बदलून बदलून वैताग आला, उठून ओटा धुतला.

सकाळी दुर्बीण खोक्यातच ठेवली आणि मामांच्या आधी वर गेले. पूर्वेच्या कठड्याला लागून पाण्याच्या टाकीचा ओटा आहे. त्यावर चढले आणि बिल्डिंगकडे पाठ करून उभी राहिले. मामा तांब्या घेऊन आले आणि थबकले. सूर्य बिल्डिंगच्या वर आलाच होता, पाठीला चटका बसत होता. माझी सावली सरळ त्यांच्या तोंडावर पडली होती.

"बाजूला हो," ते म्हणाले.

"नाही होणार, मामा."

देवाच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहणारी सून त्यांनी सात पिढ्यांत पाहिली नसेल. आता तांब्या आपटतील, अभिमन्यूला फोन करतील, उद्याच्या एसटीने मंद्रूपला जातील, असं सगळं मनात येऊन गेलं. मग त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी वर उचलला. धार सुटली आणि माझ्या पायांवर पडली, बर्फासारखी. पहिल्यांदाच मला त्या धारेमागचा त्यांचा चेहरा दिसत होता. डोळे उघडे होते आणि माझ्याकडे लागले होते. मी सून म्हणून आले तेव्हापासून त्यांनी माझ्याकडे असं सरळ कधी बघितलं नव्हतं.

"तुजं तोंड दिसंना गं," ते म्हणाले. "कान दिसत्यात, केस दिसत्यात. मदी काय न्हाय."

मला रडू फुटलं. पुसायला हात उचलला तर सावली हलेल म्हणून तसंच वाहू दिलं. त्यांना ते दिसत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"उद्या बी हितंच हुबी ऱ्हाशील?" त्यांनी विचारलं.

राहीन, म्हटलं.

"ऱ्हा. तुजं नाक दिसाया लागलं की सांगतो."

तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. तेही त्यांनी माझ्याकडे बघत सोडलं.